चौरंगावरचा कान

अमुलखभाई वोरांच्या सदराचं नाव ‘जवळपास’. महुव्यातून निघणाऱ्या ‘सागरकाठ’ साप्ताहिकात, तिसऱ्या पानावर डाव्या हाताला, ते गेली नऊ वर्षं दर शनिवारी छापून येत होतं. सदराचे दोन भाग. वर, तासाभरात जाऊन येता येईल अशी एखादी जागा. खाली, फोनबद्दल एखादी कामाची गोष्ट. दोन्हींचा एकमेकांशी काही संबंध नसे आणि वाचकांनी तो कधी मागितलाही नव्हता.

समुद्र सुंदर आहे, वारा सुखद आहे, असलं काही त्यांच्या सदरात कधी आलं नाही. ‘दीपस्तंभ चढताना उजव्या हाताचा कठडा धरावा, डावा हलतो.’ ‘नारळपाणी पहिल्या गाडीवर घेऊ नये. तिसऱ्या गाडीवाल्याचा कोयता धारदार आहे आणि तो बोलतोही कमी.’ ‘केरवदरच्या देवळामागं चिंचेखाली गाडी लावू नये. चिंचा पाडायला येणारे दगड मारतात आणि नेम धरत नाहीत.’ फोनबद्दलही तसंच. ‘फोन देवघरात चार्जिंगला लावू नये. तेलाचा हात लागतो, आणि आरतीच्या वेळी देवापेक्षा तिकडंच लक्ष जातं.’ लोक कात्रणं कापून ठेवत. महुव्यातल्या दोन रिक्षांमध्ये ती आरशाशेजारी चिकटवलेली होती.

पण एक गोष्ट त्यांनी सदरात कधी लिहिली नाही. तीन वर्षांपासून त्यांना कमी ऐकू येत होतं.

घरात हे कळायला वेळ लागला. हसुमतीबेन सेहेचाळीस वर्षं नवऱ्याला ‘ऐकलंत का?’ अशीच हाक मारत आल्या होत्या. तो प्रश्न आहे असं त्यांनाही कधी वाटलं नव्हतं. मग एक दिवस त्यांनी मीठ मागितलं आणि अमुलखभाईंनी चष्मा आणून दिला. दुसऱ्या दिवशी चष्मा मागितला, तर ते दार उघडायला गेले.

“कानाचं बघा,” हसुमतीबेन म्हणाल्या.

“पान आत्ता नको.”

“पान नाही, कान!”

“मला ऐकू आलं. ओरडू नको.”

“आलं असतं तर मी ओरडले असते का?”

घरात न ऐकू आलेलं चालतं. एवढ्या वर्षांच्या संसारात सगळं बोलून झालेलं असतं, राहिलेलं खुणेनं भागतं. अडचण होती ती केरवदरच्या देवळात.

केरवदरला माघात देवळाचा पाटोत्सव असतो, मूर्तीच्या स्थापनेचा वाढदिवस. त्या दिवशी दुपारी तीन वाजता नागभाई गढवी भक्तांच्या कथांची वार्ता सांगतात. सगळं गाव त्यांना बापा म्हणतं. बापांची वार्ता म्हणजे अर्धी सांगायची, अर्धी गायची, मधे एखादा दोहा असा टाकायचा की पुढं बसलेल्या म्हाताऱ्यांनी डोळे पुसावेत आणि मागच्या पोरांनी खिशातले शेंगदाणे खायचे थांबावं. बापांनी माइक कधी घेतला नाही. आणि वार्ता एकट्यानं सांगता येत नाही. समोर होंकारा द्यायला कुणीतरी लागतो. बापांनी वाक्य टाकलं की त्यानं ‘हां, बापा’ म्हणायचं. वाक्य टेकायच्या आत नाही, टेकून फार वेळानंही नाही. फुगडी खेळताना समोरचीचा हात जितका सैल असावा आणि जितका घट्ट, तितकाच होंकारा. तो नीट पडला की वार्ता सांगणाऱ्याला पंख फुटतात. तो चुकला की सभेत देव येऊन बसलेला असला तरी उठून जातो.

एकतीस वर्षं ही जागा अमुलखभाईंची होती. सरकारी कचेरीत नकाशे काढायची नोकरी होती तेव्हाही ते पाटोत्सवाला रजा टाकत. बापांच्या समोर, उजव्या अंगाला, तीन हातांवर त्यांची सतरंजीची घडी पडे, आणि त्या घडीवर दुसरं कुणी बसत नसे. माणसाला आयुष्यात कचेरीत खुर्ची मिळते, घरात पलंग मिळतो. पण देवासमोर जिथं आपल्यावाचून अडतं अशी जागा फार थोड्यांना मिळते. अमुलखभाईंना मिळाली होती, आणि ते बोलून दाखवत नसले तरी त्यांना ते ठाऊक होतं.

यंदा पाटोत्सवाच्या आधी पंधरा दिवस देवळाचे कारभारी भीखूभाई महुव्याला घरी आले. चहा घेतला. गाठिये घेतले. तळलेली मिरची नको म्हणाले आणि दोन खाल्ल्या. मग म्हणाले,

“अमुलखभाई, वाईट वाटून घेऊ नका.”

अमुलखभाईंना ते ऐकू आलं नाही, म्हणून वाईट वाटलं नाही. भीखूभाईंनी आवाज चढवला.

“गेल्या वर्षी होंकारा उशिरा पडत होता! लोक बोलतात! बापा वाक्य टाकून थांबायचे, आणि तुम्ही बघत बसायचात!”

“बापा थांबतात ती त्यांची शैली आहे. मी सदरात लिहिलंय त्यावर.”

“लिहिलंत ते मी वाचलं. पण थांबण्यालाही माप असतं की नाही? तीन वर्षं बघतोय मी. यंदाचं तुम्हीच करा. पण यंदा जर उशीर झाला तर पुढच्या वर्षापासून परेश बसेल.”

परेश हा भीखूभाईंचा भाचा. पस्तिशीचा, सुरतेला कापडाच्या धंद्यात. कान तल्लख, गळा मोकळा. होंकाऱ्याच्या जागी ‘क्या बात है!’ म्हणतो, एवढाच त्याचा दोष.

भीखूभाई गेल्यावर हसुमतीबेननी बशा उचलल्या. “आता तरी?” एवढंच म्हणाल्या. त्यांचा चेहरा समोर होता, म्हणून अमुलखभाईंना ते कळलं.

आठवड्याभरात भावनगरहून कानाची यंत्रं आली. दोन्ही कानांत एकेक, शेंगदाण्याएवढी. पहिल्या दिवशी अमुलखभाई घरभर फिरले. पंखा कुरकुरतो हे त्यांना कळलं. हसुमतीबेन भाजी चिरताना स्वतःशी पुटपुटतात हेही कळलं, आणि त्या काय पुटपुटतात तेही. हे दुसरं कळलं नसतं तर बरं झालं असतं.

यंत्रं फोनला जोडलेली होती. फोनमधलं कुणी बोललं की आवाज थेट कानात, बाहेरच्याला चाहूल नाही. आणखीही एक सोय होती, आणि ती वाचून अमुलखभाईंनी पुस्तिका खाली ठेवली, चष्मा पुसला आणि पुन्हा वाचली. फोन बोलणाऱ्यापाशी ठेवायचा आणि आपण लांब बसायचं. फोन ऐकतो ते आपल्या कानात येतं. त्यांनी फोन स्वयंपाकघरात ठेवला आणि गॅलरीत जाऊन बसले.

“यांना आता फोनचंच वेड लागलंय, देवा,” हसुमतीबेन कढीला म्हणाल्या.

“नाही लागलं,” गॅलरीतून उत्तर आलं.

कढी उतू गेली.

पाटोत्सवाच्या दिवशी केरवदरला जायला छकडा केला. मोटरसायकलचं तोंड आणि मागं हौदा असलेली ती तीनचाकी सुरू झाली की आतल्या माणसांचं आपापसांत बोलणं संपतं. उतरल्यावर पुन्हा सुरू करायचं. देवळासाठी फुलांच्या टोपल्या घेऊन भीखूभाई महुव्याहूनच निघाले होते, तेही त्यातच बसले. एका फळीवर हसुमतीबेन आणि टोपल्या, समोरच्या फळीवर भीखूभाई, कडेला अमुलखभाई.

अमुलखभाईंना केरवदरचा रस्ता डोळे मिटून ठाऊक होता. तरी त्यांनी फोनमधला नकाशा चालू केला. नवा वळणरस्ता झाला होता, आणि तो फोनला माहीत आहे की नाही हे सदरासाठी पाहायचं होतं. नकाशे काढण्यात हयात गेलेल्या माणसाला दुसऱ्याचा नकाशा तपासायला मिळणं ही पेन्शनवरची मिठाई असते.

छकडा धडधडत गावाबाहेर पडला आणि त्यांच्या कानात एक बाई स्वच्छ गुजरातीत म्हणाली, “पाचशे मीटरवर डावीकडे वळा.”

“हां, बापा,” अमुलखभाई म्हणाले.

भीखूभाईंनी वर पाहिलं.

“आता डावीकडे वळा.”

“हां, बापा.”

एकतीस वर्षांची सवय. वाक्य संपून आवाज टेकला की त्यांचं तोंड आपोआप उघडत असे. त्यात ते स्वतः फारसे नसत. वाटेत अकरा वळणं होती. पुढं एक पूल आला, त्याबद्दलही बाईंना काही सांगायचं होतं. प्रत्येक वाक्याला होंकारा पडला, आणि अगदी जागच्या जागी पडला. पण भीखूभाईंना दिसत होतं ते एवढंच, की एक पांढऱ्या केसांचा माणूस ऊस आणि कांद्याच्या शेतांकडे पाहत ठराविक वेळानं आदरपूर्वक मान डोलावतो आहे.

शेवटी भीखूभाई त्यांच्या कानाशी ओरडले, “कुणाशी बोलता?”

“नकाशाशी.”

“काय म्हणतो तो?”

“उजवीकडे वळा म्हणतो.”

“मग होंकारा कशाला देता?”

अमुलखभाईंनी प्रामाणिकपणे विचार केला. “वाक्य संपलं की येतो,” ते म्हणाले.

भीखूभाईंनी हसुमतीबेनकडे पाहिलं. हसुमतीबेन झेंडू मोजल्यासारखं करू लागल्या. भीखूभाईंनी त्याच वेळी मनात परेशचं नाव पक्कं केलं असावं, कारण देवळापाशी उतरताच ते भाच्याकडे गेले आणि काहीतरी बोलले. परेश दुसऱ्या ओळीतून उठून पहिल्या ओळीत येऊन बसला आणि त्यानं घसा खाकरला.

बापा मंडपात आधीच येऊन बसले होते. अठ्ठ्याहत्तर वर्षांचे, खांद्यावर घडी घातलेली पांढरी शाल, समोर छोटा चौरंग, चौरंगावर पाण्याचा तांब्या. अमुलखभाई पाया पडले आणि त्यांनी फोन तांब्याशेजारी ठेवला.

“हे काय?” बापांनी विचारलं.

“माझा कान, बापा.”

“मग तुझ्याकडे ठेव की.”

“तो इथं ठेवला तरच माझ्याकडे येतो.”

बापांनी फोनकडे वाकून पाहिलं. “याला बोललेलं कळतं?”

“कळत नाही. ऐकू येतं. आणि ते फक्त मला.”

“हळू बोललेलं?”

“तुम्ही नुसता श्वास घेतलात तरी.”

बापांनी तांब्या बोटभर सरकवून फोनला ऐसपैस जागा करून दिली. “बसू दे बिचाऱ्याला,” म्हणाले.

अमुलखभाई आपल्या सतरंजीच्या घडीवर जाऊन बसले. मंडप भरला होता. बायका डाव्या बाजूला, पुरुष उजव्या, मधे पोरांची ये-जा, मागं लापशीच्या कढईत उलथन्याचा आवाज. बापांनी डोळे मिटले, ठाकरचं, म्हणजे देवळातल्या कृष्णाचं, नाव घेतलं आणि सूर लावला.

तो सूर थेट अमुलखभाईंच्या कानात उतरला. तीन वर्षं त्यांनी ही वार्ता ओठांकडे पाहून ऐकली होती. घरात दिवा असावा आणि आपण तो खिडकीबाहेरून पाहावा तसं. आता ते दिव्यापाशी बसले होते. सुराआधीचा श्वास, सुरानंतर टाळूवर टेकलेली जीभ, गळ्यातल्या मण्यांचा एकमेकांवर लागलेला टिकटिक आवाज, सगळं. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. ते त्यांनी पुसलं नाही, कारण बापांचं पहिलं वाक्य टेकत होतं.

“तर लाखो भगत म्हणून एक आहीर होता…”

“हां, बापा.”

“दारावरून जाणाऱ्या वाटसरूला ताक पाजल्याशिवाय पुढं जाऊ द्यायचं नाही, असा त्याचा नेम होता…”

“हां, बापा.”

होंकारा पडत होता तो असा, की मंडपातल्या म्हाताऱ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. भीखूभाई खांबाला टेकून उभे होते, ते सरळ झाले. परेशनं खाकरणं थांबवलं. दुष्काळ पडला, विहिरी आटल्या, म्हशी उभ्या जागी बसल्या. एका मडक्यापुरतं ताक उरलं. पहिला वाटसरू आला, वणजारा व्यापारी. तो प्याला. अमुलखभाईंचा होंकारा घड्याळातल्या काट्यासारखा चालला होता आणि यंदाची वार्ता जिंकली असं त्यांना वाटायला लागलं.

आणि मग वार्ता अडखळू लागली.

दुसरा वाटसरू आला, शिपाई, त्याचं घोडं तहानलेलं. बापा म्हणाले, “शिपायानं लगाम खेचला…” अमुलखभाईंनी लगेच “हां, बापा” दिला. आणि बापा काहीच बोलले नाहीत. मग तेच वाक्य पुन्हा म्हणाले. लगाम दुसऱ्यांदा खेचला गेला. होंकारा दुसऱ्यांदा पडला, तितकाच झटपट. बापा पाणी प्यायला वाकले, आणि तांब्याच्या आडून, वाऱ्याहूनही हलक्या आवाजात अमुलखभाईंच्या कानात आलं,

“मग? मग काय झालं?”

अमुलखभाईंना आधी वाटलं, बापा सभेला विचारताहेत. पण सभा नुसती पाहत होती. ते कुणाला ऐकूच गेलं नव्हतं.

बापांना आठवत नव्हतं.

बापांचं ते थांबणं. वाक्य टाकून डोळे मिटणं. वाकून सावकाश पाण्याचा घोट घेणं. ज्यावर अमुलखभाईंनी दोन वर्षांपूर्वी सदरात लिहिलं होतं, की फक्त ते थांबणं पाहायला म्हणून केरवदरला जावं आणि पहिल्या चार ओळींतच बसावं. ते सगळं हे होतं. बापा थांबायचे, कारण पुढचं सापडत नव्हतं. आणि समोर बसलेल्या बहिऱ्याचा होंकारा उशिरा यायचा, म्हणून बापांना शोधायला वेळ मिळायचा. सभेला दिसायचं, चूक अमुलखभाईंची. तीन वर्षं दोघांनी मिळून हे निभावून नेलं होतं आणि दोघांपैकी एकालाही ते माहीत नव्हतं. आज एकाचा कान आला होता, आणि दुसरा उघडा पडत होता.

पुढच्या वाक्याला अमुलखभाईंनी होंकारा दिला नाही. मनात चार अंक मोजले, मग दिला.

मंडपातून खसखस ऐकू आली. आता ती त्यांना स्वच्छ ऐकू येत होती. “गेलं यंत्र,” मागचा कुणीतरी म्हणाला. भीखूभाई पुन्हा खांबाला टेकले. बापांना मात्र शिपाई सापडला. त्यानं आपल्या वाटचं ताक घोड्याला पाजलं आणि पुढं निघून गेला. पुढच्या वाक्याला अमुलखभाईंनी पाच मोजले. त्या पुढच्याला सहा. हसुमतीबेन बायकांच्या बाजूनं त्यांच्याकडे टक लावून पाहत होत्या. घरी गॅलरीतून कढीला उत्तर देणारा माणूस इथं कसा काय बहिरा झाला, हे त्यांना समजत नव्हतं.

मडकं रिकामं झालं. लाखो भगताची बायको जीवुबाई मडक्यात हात घालून पाहते, तिच्या नखांना फक्त माती लागते. आणि दारात तिसरं पाऊल वाजतं. बापांनी हा प्रसंग गायला, आणि असा गायला की कढईतलं उलथनंही थांबलं. सूर टेकला. अमुलखभाईंनी दहापर्यंत मोजलं आणि होंकारा दिला. बापा पाण्याला वाकले. तांब्या रिकामा असल्याचं अमुलखभाईंना ऐकू आलं. मग फोनच्या अगदी जवळ ओठ आले.

“अमुलख,” बापा म्हणाले, “तिसरा कोण रे?”

आता हे मोजून भागण्यासारखं नव्हतं.

होंकारा देणाऱ्याला तीन शब्द मोकळे असतात: ‘हां’, ‘बापा’ आणि फार झालं तर ‘खरं’. चौथा शब्द म्हणजे दुसऱ्याच्या ताटात हात. एकतीस वर्षांत अमुलखभाईंनी चौथा शब्द उच्चारला नव्हता. समोर तीनशे माणसं, खांबाला भीखूभाई, पहिल्या ओळीत परेश. तोंड उघडलं तर जागा गेली. न उघडावं, तर त्या दारात उभं असलेलं तिसरं पाऊल तिथंच राहणार, आणि तीनशे माणसांसमोर अठ्ठ्याहत्तर वर्षांचा माणूस रिकाम्या तांब्यावर वाकलेला राहणार.

“हां, बापा,” अमुलखभाई मोठ्यानं म्हणाले, “ती आंधळी म्हातारीच आली असणार. काखेत करडू घेऊन.”

मंडपात कुजबुज झाली. भीखूभाईंचे डोळे मोठे झाले. परेशच्या तोंडून सवयीनं “क्या बात है!” निघून गेलं आणि मग त्यानंच जीभ चावली.

बापा सरळ बसले.

“आंधळी म्हातारी!” त्यांचा आवाज कमानीला जाऊन भिडला. “काखेत करडू! आणि दारात उभी राहून म्हणते कशी…” ते वाकले. “काय म्हणते?”

“हां, बापा. ताक घुसळल्याचा आवाज येतोय म्हणाली असेल.”

“म्हणते, पोरी, ताक घुसळल्याचा आवाज येतोय गं! जीवुबाई रडायला लागली. मडक्यात काही नाही हे हिला कसं सांगू? तिनं रिकाम्या मडक्यात रवी घातली आणि घुसळायला लागली…”

“हां, बापा.” हा लगेच दिला. बापा आता स्वतःच्या पायांवर धावत होते.

पुढं आणखी दोनदा वाकावं लागलं. दोन्ही वेळा अमुलखभाईंनी पुढचं सांगितलं; पहिल्या वेळी कुजबुज झाली, पण दुसऱ्या वेळी कुजबुजायला कुणाला सवड नव्हती. रवी फिरत होती, रिकाम्या मडक्यातून घुमघुम आवाज उठत होता, आंधळी म्हातारी उंबऱ्यावर बसून म्हणत होती की बाई, नुसत्या आवाजानंच अर्धी तहान गेली. आणि मग आवाज बदलला. कोरडा होता, तो ओला झाला. जीवुबाईनं आत पाहिलं तर मडकं काठापर्यंत भरलेलं. उंबऱ्याकडे पाहिलं तर तिथं कुणी नाही, फक्त करडू उभं होतं, आणि त्याच्या गळ्यात देवळातल्या ठाकरच्या अंगावरचा तुळशीचा हार. बापांनी शेवटचा दोहा घेतला. सगळा मंडप ठाकरच्या नावानं गरजला. अमुलखभाईंचा होंकारा त्या गजरात बुडून गेला, तो कुणाला ऐकूच आला नाही, आणि तसाच तो बुडायला हवा.

लापशी वाटायला सुरुवात झाली तसे भीखूभाई आले. चेहरा गंभीर. परेश मागं उभा.

“अमुलखभाई, यंत्र चांगलं आहे,” ते म्हणाले. “सुरुवातीला मी मनात म्हटलं, वा. पण मग ते काय चाललं होतं? आधी उशीर, मग एकदम बोलायलाच सुरुवात! होंकारा देणाऱ्यानं वार्ता सांगायची असती तर बापांना कशाला आणायचं? वाटेत नकाशाशी बोललात ते मी कुणाला सांगितलं नाही. पण आता…”

सांगण्यासारखं कारण एकच होतं, आणि ते अमुलखभाईंचं नव्हतं. त्यांनी सतरंजीची घडी उचलली, झटकली आणि भीखूभाईंच्या हातात दिली. “परेशला बसायला होईल,” म्हणाले.

“कुठं चाललास?” चौरंगामागून बापांचा आवाज आला. ते लापशी खात होते. “भीखू, इकडं ये. काय ठरलं?”

“पुढच्या वर्षी होंकाऱ्याला परेश बसेल, बापा. अमुलखभाईंना आता त्रास होतो.”

बापांनी परेशकडे निरखून पाहिलं. “तुला ऐकू कसं येतं रे?”

“एकदम छान, बापा,” परेश म्हणाला. “मागचं कुणी कुजबुजलं तरी मला कळतं.”

“कशाशिवाय?”

“म्हणजे?”

“कानात काही घालावं लागत नाही? फोन कुठं ठेवावा लागत नाही?”

“छे छे! काहीच नाही.”

“मग तुझा उपयोग नाही,” बापा म्हणाले आणि त्यांनी लापशीचा पुढचा घास घेतला.

भीखूभाई गोंधळले. “बापा, ज्याला चांगलं ऐकू येतं तो नको?”

“भीखू, मी आता म्हातारा झालो. बोलताना चौरंगावर जरा सोबत लागते. ज्याचा कान माझ्यापाशी बसेल तोच माझ्यासमोर बसेल. नाहीतर पुढच्या वर्षी भजनी मंडळ बोलव. त्यांच्याकडे माइक असतो.” मग बापांनी फोन उचलून अमुलखभाईंच्या हातात दिला, लेकरू परत द्यावं तसा, दोन्ही हातांनी. “याला काही खायला लागत नाही ना?”

“घरी गेल्यावर चार्जिंगला लावतो, बापा.”

“नीट पोटभर लाव. पुढच्या वर्षी मोठी वार्ता घेतोय. तीन वाटसरूंवर भागणार नाही.”

भीखूभाईंनी सतरंजीची घडी बराच वेळ हातात धरली. मग ती परत केली. परेशनं दोन वेळा लापशी घेतली आणि तो मोकळ्या मनानं सुरतेला गेला.

परतीच्या वाटेवर नकाशा बंद होता. हसुमतीबेननी छकड्याच्या धडधडाटात नवऱ्याकडे झुकून अगदी हळू आवाजात विचारलं, “खरं सांगा. तुम्हाला तिथं सगळं ऐकू येत होतं ना?”

अमुलखभाईंनी कानाला हात लावला आणि मान हलवली, ऐकू आलं नाही अशी. हसुमतीबेननी पदरातल्या पुडीतला तुळशीचा प्रसाद काढून त्यांच्या तळहातावर ठेवला आणि पुन्हा काही विचारलं नाही.

त्या शनिवारच्या ‘जवळपास’मध्ये वरच्या भागात असं आलं: ‘केरवदर. नव्या वळणरस्त्यानं गेल्यास आठ मिनिटं वाचतात. फोनमधल्या नकाशाला हा रस्ता ठाऊक आहे. पाटोत्सवाला तीनच्या आत पोचावं. लापशी कढईच्या डाव्या बाजूची घ्यावी, तूप तिकडं वाहतं. वार्ताकार वाक्यानंतर थांबतात तेव्हा आपसांत बोलू नये.’

आणि खाली, फोनच्या भागात: ‘ज्यांना कमी ऐकू येतं त्यांनी फोन बोलणाऱ्याच्या पुढ्यात ठेवावा. अंतर एक वीत. नकाशा आधी बंद करावा. पाण्याचा तांब्या जवळ असल्यास तो भरलेला आहे ना ते पाहावं. असं केल्यानं दोघांचीही सोय होते.’